गुरुजींना रिकाम्या जागेवर बसवू नका

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात कुठल्याही गावात जा, निवृत्त गुरुजींचं घर कोणीही दाखवतं. सकाळी त्यांच्या ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलंच असतं. कुणाला पीक विम्याचा अर्ज भरायचा असतो, कुणाच्या आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर वेगवेगळी जन्मतारीख पडलेली असते, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद हवी असते. "गुर्जी, एवढं पाहून द्या बरं," म्हणत कागद पुढे येतो. गुरुजी चष्मा लावतात आणि विचारतात, "तुहा आजा कोणत्या शाळेत होता रे?" त्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर कुठं सापडेल, हे त्यांना पाठ असतं.

ही माहिती नोकरीनंच दिलेली असते. जनगणनेला घरं मोजली, मतदार याद्या केल्या, पटनोंदणीसाठी वस्त्या पालथ्या घातल्या, खिचडीचा हिशेब ठेवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामं सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली, तरी शिक्षकाच्या गळ्यातलं हे लोढणं पुरतं सुटलं नाही. त्या कामांनी वर्गातले तास खाल्ले. पण गावातलं घर न् घर ओळखणारा माणूसही त्यातूनच घडला.

त्यांचं खरं बळ मात्र अक्षरांत आहे. चौथीतलं पोरगं धडा वाचता वाचता 'सूर्य'पाशी अडतं. बोलताना र आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. मूल गोंधळतं ते इथंच. मुरलेले गुरुजी रागावत नाहीत. पाटीवर चार शब्द लिहितात: पर्व, प्रकाश, ट्रक, तऱ्हा. चारही शब्दांत र लपलाय, शोध म्हणतात. महामार्गावरच्या या तालुक्यातलं पोरगं ट्रकपासून सुरुवात करतं आणि हळूहळू बाकीचे तीनही र हुडकतं. मग 'सूर्य' अडत नाही. मूल कुठं अडलंय हे ऐकताक्षणी कळणं, हे कसब वर्षानुवर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळल्यावरच अंगात मुरतं. ते ५८ व्या वर्षी सेवापुस्तकाबरोबर बंद होत नाही.

सरकारलाही या माणसांची आठवण येते, पण ती कशी येते ते पाहा. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील निरक्षरांना शिकवण्यासाठी विनामोबदला स्वयंसेवकांवर विसंबून आहे. त्यात निवृत्त शिक्षकांनी जरूर उतरावं, ते काम पुण्याचं आहे. पण ७ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांनाच कंत्राटी पद्धतीनं, महिना २० हजार रुपये मानधनावर नेमायची वाट काढली. वयाची मर्यादा ७० वर्षं. नियमित शिक्षक येईपर्यंतची ही सोय, असं सांगितलं गेलं. तिकडं डी.एड. होऊन, पात्रता आणि अभियोग्यता चाचण्या देऊन हजारो तरुण शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसले होते. गुरुजींच्या सेवाभावानं त्यांच्याच विद्यार्थ्याची नोकरी लांबणीवर पडावी, हे मला मान्य नाही. सेवा ही सेवाच राहावी, तिनं भरतीची जागा घेऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आजचे गुरुजी ओट्यावर बसून फुकट अर्ज भरून देतात, त्यामागं त्यांचं मन मोठं आहे हे खरं, पण दर महिन्याला जमा होणारी पेन्शनही आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू झाली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तो याच मागणीसाठी. म्हातारपणी दोन वेळची चिंता नसेल, तरच माणूस दुसऱ्याच्या लेकरासाठी वेळ काढतो. पुढच्या पिढीतला निवृत्त शिक्षक गावाच्या कामी येईल की पोटासाठी शिकवण्या घेत फिरेल, हे त्याच्या पेन्शनवर ठरणार आहे. म्हणून हा प्रश्न एकट्या शिक्षकांचा नाही, गावाचाही आहे.

मग गुरुजींची जागा कोणती? ती शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतच आहे. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि उरलेल्यांमध्ये स्थानिक शिक्षणतज्ज्ञालाही स्थान आहे. पुष्कळ गावांत हे नाव बैठकीच्या वहीपुरतं भरलं जातं. बाळापुरात मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत, आणि दोन्हींतून निवृत्त झालेले गुरुजी, बाई, उस्ताद गावातच राहतात. तज्ज्ञ शोधायला अकोल्याला जायची गरज नाही.

पालकांनो, यंदा समिती बसेल तेव्हा त्या जागेसाठी निवृत्त गुरुजींचं किंवा बाईंचं नाव तुम्ही सुचवा. आठवड्यातून दोन दिवस, मागं पडलेल्या पोरांसोबत तासभर वाचन, एवढंच त्यांच्याकडं मागा. आणि शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर ती भरण्यासाठी त्याच बैठकीत ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवा. ही दोन्ही कामं आपलीच आहेत.