‘कोकणी माणूस’ म्हणजे कोण?

निवडणूक आली की ‘कोकणी माणसा’चा उदो उदो सुरू होतो. हा माणूस नेमका कोण, हे मात्र कोणी विचारीत नाही. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले, तेव्हा खोत कोकणी होता आणि कूळही कोकणीच! १९६६ नंतर गिरणगावात ‘मराठी माणूस’ घुमू लागला; त्या एका शब्दाखाली हा भेद झाकला गेला, मिटला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो लढा. पण इकडे मनिऑर्डरी थांबल्या, घरधनी रिकाम्या हाताने गावी परतले, तेव्हा चूल कोणी पेटती ठेवली? मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी गाबतीण, दुसऱ्याच्या मळ्यात लावणीला जाणारी कुळवाडीण, या कामगार की नुसत्या कामगारांच्या बायका? शिवाय या दोघींचे पाणवठेही एक असतील असे नाही.

आपल्याकडे दरवर्षी समाजशास्त्राचे प्रकल्प होतात. संदर्भग्रंथ मागाहून चाळावेत. आधी घरच्या आजीला विचारावे, संपाच्या वर्षी पैसा कुठून येत होता.