लांबच्या मुक्कामाला तंबू कसा निवडाल?



दिवाळीचा फराळ संपत आला की घरोघरी मुलांची भुणभुण सुरू होते, 'आई, सुट्टीत कुठे जायचं?' हॉटेलचा खर्च ऐकूनच जीव दडपतो, म्हणून अलीकडे पुष्कळ कुटुंबे तंबू घेऊन निघतात. एका रात्रीची मौज असेल तर कसेही भागते. पण चार-पाच दिवसांचा मुक्काम म्हणजे संसारच की! आणि तो मांडणार कोण? आपणच. तेव्हा तंबू घ्यायला 'हे' आणि मुले निघाली की आपणही पायांत चपला सरकवाव्यात, हे बरे.

उदाहरणादाखल पोलादपूर तालुक्यातले कुडपण घेऊ. रायगड जिल्ह्यातले हे सह्याद्रीच्या कुशीतले गाव. एका अंगाला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचे उमरठ, तर दुसऱ्या अंगाला प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ ला शिवाजीमहाराज आणि अफझलखान यांची भेट प्रतापगडाखाली झाली तीही शामियान्यातच! म्हणजे या मुलखाला तंबू नवा नाही. आपल्याला मात्र शामियाना नको. सासूबाई, मामंजी, आपण दोघे आणि दोन मुले अशा सहा जणांना सुखाने पाय पसरता येतील एवढा निवारा पुरे.

पिशवीवरचा आकडा

तंबूच्या पिशवीवर 'सहा माणसांसाठी' असे छापलेले असते. त्याचा अर्थ, सहा जण खांद्याला खांदा लावून कसेबसे झोपतील, एवढाच. त्यात कपड्यांच्या बॅगा, पाण्याची कळशी, मामंजींची काठी आणि रात्री उठणाऱ्याला वाट यांचा हिशेब नसतो. म्हणून सहा जणांसाठी आठ किंवा दहा जणांचा तंबू पाहावा. दुकानात तळाची लांबी-रुंदी विचारून घ्या. घरी येऊन गच्चीवर खडूने तेवढा चौकोन आखा, त्यात अंथरुणे घाला आणि सगळ्यांना झोपवून पाहा. पैसे देण्याआधीच सारे कळते!

उंची किती?

साडी नेसायची, मुलांचे कपडे बदलायचे, तर ताठ उभे राहता आले पाहिजे. वाकून वाकून दुसऱ्याच दिवशी कंबर धरते. मधोमध सहा फुटांहून थोडी अधिक उंची असावी. पण उंच आणि सरळ भिंतींचा तंबू वारा फार धरतो, आणि डोंगरावर रात्री वारा सुटतोच. म्हणून घुमटासारखा, एकमेकांना छेद देणाऱ्या काठ्यांचा तंबू बरा. फायबरच्या काठ्या स्वस्त पण जड, आणि मोडल्या की चिरफाळतात. ॲल्युमिनियमच्या महाग, पण हलक्या आणि टिकाऊ. तणावे बांधायला चारी बाजूंनी कड्या आहेत ना, तेही पाहा.

दोन दारे असतील तर फारच उत्तम. रात्री मुलाला बाहेर न्यायचे झाले तर सासूबाईंच्या अंगावरून ओलांडून जावे लागत नाही. मध्ये पडदा असेल तर आडोसाही होतो.

कापड आणि दहिवर

हिवाळ्यात पाऊस नाही म्हणून एकपदरी तंबू घेऊ नका. सहा माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर साचते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. आत जाळीचा आणि बाहेर पाणी न झिरपणारा असे दोन पदर असले, वर झरोका असला, की हवा खेळती राहते. बाहेरचा पदर किमान दोन हजार मिलिमीटर पाणरोधक असावा. तळाचे कापड त्याहून जाड हवे. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, तेही चाचपून पाहा. शिवणकाम जाणणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नकोच!

एक मोठा की दोन मध्यम?

हा प्रश्न जागेवर ठरतो. कुडपणसारख्या उताराच्या गावात सपाट जागा म्हणजे बहुधा भाताची खाचरे, आणि ती अरुंद असतात. तिथे दहा जणांचा तंबू मावेलच असे नाही. दोन मध्यम तंबू समोरासमोर लावले तर वडील मंडळींना शांत झोप मिळते आणि मधल्या जागेत बसता-उठता येते. भात कापलेल्या खाचरात धसकटे उभी असतात, ती तळाला भोके पाडतात. ती आधी काढा, खाली जाड ताडपत्री घाला. ताडपत्री मात्र तंबूच्या तळाहून जरा लहानच हवी; बाहेर राहिली तर पाणी तिच्यावरून आत येते. आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय एकही खुंटी ठोकायची नाही, बरं का!

दोन गोष्टी मात्र कधीच नाहीत

पहिली, तंबूत चूल, स्टोव्ह, शेगडी काहीही पेटवायचे नाही. नायलॉन क्षणात पेट घेते. त्याहून घातक म्हणजे बंद जागेत साचणारा विषारी वायू, त्याला ना रंग ना वास. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन येथे हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे ८ पर्यटक दगावले, त्यांत ४ मुले होती. तंबू तर खोलीहून लहान! स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या आडोशाने करा. थंडीला गोधडी आणि कानटोपी पुरे.

दुसरी, पावसाळ्यात या डोंगरांत तंबूचा मुक्काम नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडींनी बळी घेतले. जिथे पक्की घरे टिकली नाहीत तिथे कापडाची काय कथा? नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. तेव्हाही कड्याच्या पायथ्याशी किंवा ओढ्याच्या पात्रात तंबू नको.

शेवटी एक विनंती. नवा तंबू थेट डोंगरावर नेऊन उघडू नका. सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानावर एकदा उभारा, वरून दोन बादल्या पाणी ओता. मुलांना खुंट्यांचे आणि यजमानांना काठ्यांचे काम वाटून द्या. परतल्यावर तंबू सावलीत कडकडीत वाळवा, मगच माळ्यावर टाका. ओला गुंडाळला तर बुरशी धरते.

आणि हो, तंबू उभारणे, पाणी आणणे, भांडी घासणे यांच्या पाळ्या घरूनच ठरवून निघा. चार दिवस सुट्टी सगळ्यांची, त्यात आपणही आलोच ना?