पोलाद घासण्यापूर्वी

चापाभोवतीची कडी खाली ओढून रिकामे काडतूस बाहेर फेकणारी आणि ती वर मिटताना नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागील टोकाला काडतूस बसण्यासाठी कोरलेल्या घरात, सारणारी तरफेची रायफल भारतात आता विकत घेण्याची वस्तू राहिलेली नसून बहुधा वारशाने सांभाळण्याची वस्तू झाली आहे. सामान्य परवानाधारकांसाठी विदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ थांबली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे प्रयोजन त्याआधीच बरेच आटवले होते. त्यामुळे एखादी विंचेस्टर १८९४ किंवा मार्लिन ३३६ दुरुस्तीच्या बाकावर येते तेव्हा तिच्यासाठी सुटा भाग मागवण्याची वाट जवळपास बंद असते, हे गृहीत धरूनच कारागिराला हात घालावा लागतो. मालकाच्या तक्रारी ठरलेल्या असतात: काडतूस अडकते आणि चाप जड लागतो. दोन्हींवर कानस आणि पॉलिशचा दगड उचलण्याची जी सवय या व्यवसायात रुळली आहे, ती सोडण्याची वेळ आली आहे.

काडतूस अडकण्याचा दोष बहुतेक वेळा खडबडीत पृष्ठभागाचा नसून मापाचा आणि वेळेचा असतो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात यंत्रमागावर उमेदवारी केलेल्या खानदेशी कारागिराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण धोटा पार होण्याआधी ताण्याची फट मिटली तर धोटा कितीही गुळगुळीत केला तरी सूत तुटायचे ते तुटतेच. मार्लिन ३३६ मधील कुप्रसिद्ध अडथळा याच जातीचा आहे. नळीखालच्या लांब मॅगझिनमधून मागे आलेले काडतूस उचलून बोल्टसमोर, म्हणजे ते चेंबरमध्ये ढकलणाऱ्या दांड्यासमोर, धरणाऱ्या पाळण्यासारख्या भागाला कॅरिअर म्हणतात. तरफेची कड त्याच्या तळाला प्रत्येक फेरीत घासत राहते, आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथे घळ पडली की कॅरिअर ठरलेल्या उंचीवर टिकत नाही, स्प्रिंगच्या जोराने येणाऱ्या पुढच्या काडतुसाची कोर त्याच्याखाली शिरते आणि तरफ ना उघडते ना मिटते. अशा वेळी चेंबरचे तोंड चकचकीत करणारा कारागीर निरोगी जागेवर उपचार करत असतो. खरा उपाय म्हणजे तरफेची धारदार कड किंचित गोल करणे आणि कॅरिअरची झिजलेली जागा भरून तिचे मूळ माप परत आणणे.

विंचेस्टर १८७३ मध्ये तर काडतुसाची लांबी हाच यंत्राचा एक भाग असतो, असे म्हटले तरी चालेल. तेथे उचलणारा ठोकळा सरळ वर जातो, आणि काडतूस लांब असेल तर ते निम्मे मॅगझिनमध्ये राहून ठोकळ्याला अडवते, आखूड असेल तर मागून दुसऱ्याची कोर आत डोकावते. म्हणून तक्रार ऐकल्यावर प्रथम मालकाची काडतुसे कॅलिपरने मोजावीत, मग मॅगझिनची स्प्रिंग पाहावी, आणि हत्याराला त्यानंतरच हात लावावा. टोकदार गोळीची काडतुसे मात्र नळीच्या मॅगझिनमध्ये कधीच भरू नयेत, कारण मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या टोपीवर, टेकते. येथे प्रश्न अडकण्याचा उरत नाही.

भरणीचे हे तत्त्व शस्त्राच्या आकाराने बदलत नाही. सुरतेजवळ हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडणारी १५५ मिलिमीटरची के-९ वज्र तोफ काही सेकंदांत ३ गोळे सोडू शकते, ते प्रत्येक गोळा ठरल्या क्षणी ठरल्या जागी पोहोचतो म्हणूनच.

चापाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि ग्राहकाचा आग्रह येथे बहुधा चुकीच्या ठिकाणाहून येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात चापाच्या वजनाला किमान मर्यादा नाही. १० मीटर एअर पिस्तुलात मात्र ती ५०० ग्रॅम आहे. तसाच हलका चाप आजोबांच्या रायफलीला हवा, असे म्हणणाऱ्यास हे सांगावे लागते की रेंजवरची रायफल नेम धरल्यावरच सज्ज होते, उघड्या घोड्याची तरफेची रायफल मात्र खांद्यावरून, झाडीतून, वाहनातून फिरण्यासाठी बनलेली असते. मार्लिनचा चाप सैल हलतो तो चाप आणि सिअर, म्हणजे घोड्याच्या खाचेत टेकून त्याला रोखणारा तुकडा, हे एकाच खिळीवरचे दोन स्वतंत्र भाग असल्यामुळे. तो दोष नव्हे.

जुन्या घोड्याच्या आणि सिअरच्या पोलादाला वरून दिलेला कठीण थर अतिशय पातळ असतो. दगड त्याच्यापलीकडे गेला तर चाप काही दिवस मखमलीसारखा वाटतो, नंतर मऊ पोलादाची धार दबते आणि घोडा स्वतःहून सुटू लागतो. हिऱ्याच्या बाजारात सहज मिळणारे दहापट भिंग लावून खाचेची कड पाहिली, तर घासण्याचा मोह बराच ओसरतो. घोड्याची स्प्रिंग कमकुवत करणे हा सोपा मार्ग, पण त्याने प्रायमरवरचा आघातही क्षीण होतो आणि काडतूस फुटत नाही. काम कोणतेही झालेले असो, घोडा पूर्ण चढवून अंगठ्याने पुढे रेटला असता तो तसूभरही सुटू नये, आणि अर्ध्या चढणीची, म्हणजे घोडा अर्धवट चढवून सुरक्षित अडवणारी, खाच अस्पर्श राहावी. या तपासण्या फक्त डमी काडतुसांवर कराव्यात.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्ती आणि चाचणीसाठीही परवाना लागतो, म्हणून हा सारा विचार परवानाधारक दुरुस्तीकारांसाठीच आहे, घरच्या बाकासाठी नाही. त्यांनी आपल्या नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत, अशी या मासिकाची सूचना आहे: रायफल आली तेव्हा स्प्रिंग-काट्यावर चापाचे वजन किती होते, आणि ती परत गेली तेव्हा किती, त्यासमोर कोणत्या भागावरचे किती पोलाद काढले किंवा भरले.