पाणी ‘उणे’ कसं असतं?

नॉर्वेच्या नकाशात समुद्राची लांबच लांब बोटं जमिनीत शिरलेली दिसतात. त्यांना फियॉर्ड म्हणतात. हिमनद्यांनी डोंगर कोरले, पुढे बर्फ वितळलं आणि त्या खोल दऱ्यांत समुद्र घुसला. तिथला सोग्नेफियॉर्ड 200 किलोमीटरहून लांब आणि 1300 मीटर खोल आहे!

आपल्याकडेही पाण्यानं भरलेली एक दरी आहे बरं का! ती मात्र माणसानं भरली. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि नदीचं खोरं पाण्याखाली गेलं. हाच आपला यशवंतसागर. सोलापूरच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा इथलाच.

वर्गात मुलं विचारतात, “बाई, धरणात उणे पन्नास टक्के पाणी? उणे पाणी कसं असेल?” प्रश्न अगदी बरोबर आहे. उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातलं तळाचं सुमारे 63 टीएमसी हा ‘मृतसाठा’, म्हणजे एरवी हात लावायचा नाही असा. वरचं 54 टीएमसी वापरायचं. ते संपलं की शून्य टक्के! त्यानंतरही उपसा चालूच राहिला, की आकडा उणे होतो. उणे 50 म्हणजे तळातलं 27 टीएमसी पाणीही गेलं. 2024 च्या उन्हाळ्यात साठा त्याच्याही खाली उतरला होता.

पाणी असं खूप उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. लोक ते बघायला गर्दी करतात. पण त्याच्या आजूबाजूला एकेकाळी घरं होती, चुली पेटत होत्या. अशा कितीतरी गावांनी आपली काळीभोर शेतं सोडली, म्हणून कालव्यांना आणि आपल्या घागरींना पाणी आलं.

उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंसही येतात. मात्र वरच्या शहरांचं सांडपाणीही नद्यांतून इथंच येतं. गावठी मासे कमी झाले, बाहेरून आलेला चिलापी वाढला.

आता तुमचं काम. पेपरात उजनीचा टक्का रोज छापून येतो. महिनाभर तो वहीत लिहा आणि आलेख काढा. मग घरातल्यांना दाखवून विचारा, “आपला नळ किती वेळ उघडा असतो?”