दोनशे एक्केचाळीस किलो

गेल्या दसऱ्याला आमच्या दारात नवी गाडी आली आणि चौथ्या दिवशी ती आडवी झाली. हायवेवर नाही, घाटात नाही. आमच्या शहापूरच्या गल्लीत, घरापासून वीस पावलांवर, माणूस चालतो तेवढ्या वेगात. गाडी वळवत होतो. हँडल पूर्ण उजवीकडे वळलेलं, तेवढ्यात समोर एक कुत्रं आलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर आवळली गेली. त्यानंतर गाडी अगदी सावकाश, म्हैस बसते तशी बसली आणि मी बाजूला उभा राहून नुसता बघत राहिलो. कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं.

उचलायला गेलो तर जागची हलेना. शेवटी दूधवाला सायकल टेकवून आला, समोरच्या दुकानातली दोन पोरं आली. ‘साहेबर, भाळ वज्जे ऐत्रि इदु!’ म्हणत त्यांनी हात लावला. चौघांनी मिळून ती उभी केली. एक आरसा फुटला, गार्डवर ओरखडा उठला. ‘काय ओ, रणगाडा घेतलासा की काय?’ असं शेजारच्या काकांनी गॅलरीतून विचारलं. पण मला लागलं ते वेगळंच. आमच्या सौ. दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत निघून गेल्या.

वाचकहो, या गाडीची गोष्ट सांगायची तर सुरुवात माझ्या चुकीपासूनच करावी लागेल. ती गाडी पाडण्याची नव्हे, त्याच्या आधीची.

आमच्या घरी वडिलांची बजाज चेतक होती. सुरू होईना झाली की डावीकडे कलती करायची आणि मग किक मारायची, हा मंत्र त्या पिढीतल्या सगळ्यांना पाठ होता. पुढं माझी शंभर सीसीची मोटारसायकल आली. तिच्यावर बाजार, बँक, मुलांची शाळा सगळं झालं. पण धारवाडला पाहुण्यांकडं जाताना, गोव्याला उतरताना शेजारून एखादी मोठी गाडी गंभीर आवाज करत निघून जायची, तेव्हा मान तिकडं वळायचीच. नोकरीतून मोकळा झालो, मुलगा पुण्याला मार्गी लागला आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० नोंदवून आलो. एकटाच जाऊन. घरी सांगितलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, ‘उद्या हार जरा मोठा आणा’ एवढंच.

मित्रांनी मूर्खात काढलं ते पैशावरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यापेक्षा मोठ्यांवर ४० टक्के झाला. ‘सगळी दुनिया स्वस्तातली गाडी घ्यायला धावतेय आणि हा शहाणा महागातली घेतोय,’ असं म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. घरातलं मौन मात्र हसण्यावारी नेता येईना. आमचं लग्न झालं तेव्हापासून सौ. मला मराठीत ‘अहो’ म्हणतात आणि रागावल्या की माहेरच्या कानडीत ‘री’ म्हणतात. त्या दसऱ्यानंतर ना ‘अहो’ ऐकू आलं, ना ‘री’.

आता गाडीबद्दल. दोन सिलिंडर, ६४८ सीसी, आणि पेट्रोल-ऑइल धरून वजन २४१ किलो. म्हणजे माझ्या तिप्पट आणि वर थोडं. सीट बुटकी आहे, ७४० मिलिमीटर, त्यामुळं दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. म्हणूनच दुकानात बसून बघताना सगळं सोपं वाटलं होतं. तुम्हाला सांगतो, मोठी गाडी चालवणं अवघड नाही. ती थांबवणं, वळवणं, ढकलणं आणि उभी करणं अवघड. ताशी साठच्या पुढं ती पाण्यावरच्या होडीसारखी जाते. वजन जागं होतं ते ताशी दहाच्या खाली.

फुटलेला आरसा बदलला आणि मग दर रविवारी पहाटे सहाला मी मोकळ्या मैदानात जाऊ लागलो. पाण्यानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीनं मांडायच्या आणि त्यांच्यामधून गाडी काढायची. फिरायला येणारी मंडळी थांबून बघायची. पहिल्या रविवारी सहा बाटल्या पाडल्या, पण गाडी पडली नाही.

त्या मैदानानं शिकवलेलं थोडक्यात सांगतो, कुणाच्या घरी अशी गाडी येणार असेल तर उपयोगी पडेल. हँडल वळलेलं असताना आणि वेग अगदी कमी असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. गाडीत एबीएस आहे, पण ते चाक घसरू नये म्हणून असतं, तोल सांभाळायला नव्हे. सावकाश वळताना क्लच अर्धा, रेस एकसारखी आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला. नजर चाकाकडं नको, जिथं जायचं तिथं. खाली बघितलं की खालीच जाल. वेगात असताना याच्या उलटं वाटावं असं एक आहे. उजवीकडं वळायचं तर उजव्या हातानं हँडल हलकेच पुढं ढकलायचं, गाडी आपोआप उजवीकडं कलते. लहान गाडीवर हे आपण नकळत करत असतो, मोठीवर जाणूनबुजून करावं लागतं.

आणि पडलीच तर? हातानं उपसायला जायचं नाही, कंबर जाते. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळणार नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड काढून ठेवायचा. मग गाडीकडं पाठ करून, सीटला टेकून खाली बसायचं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं मागची मजबूत पकड धरायची आणि पायाच्या जोरावर लहान लहान पावलं मागं टाकत उठायचं. मैदानात जुन्या गाद्या अंथरून मी हे दोनदा करून बघितलं. दुसऱ्यांदा जमलं. त्या दिवशी घरी येताना कुणी बघत नसताना मी शीळ घातली.

बाकी सवयी हळूहळू लागल्या. गाडी लावायच्या आधी उतार बघायचा, कारण तोंड उताराकडं करून लावली तर मागं ओढून काढता येत नाही. डांबर उन्हानं मऊ झालं असेल किंवा माती ओली असेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवायचा. खडेबाजारात गर्दीच्या वेळी ती न्यायचीच नाही. इंजिनाची ऊब मांड्यांना लागते, आणि जागा सापडली तरी आत घालणं आणि बाहेर काढणं म्हणजे अर्धा तास. भाजीला पिशवी घेऊन चालत जातो. मोठी गाडी घेतल्यापासून माझं चालणं वाढलं, हे डॉक्टरांनाही पटलं.

डिसेंबरात एकटाच चोर्ल्याला निघालो. जांबोटीच्या पुढं धुकं असं दाट उतरलं, की पुढच्या ट्रकचा दिवाही दिसेना. हात गार पडले. कणकुंबीपर्यंत जाऊ, मग बघू, असं मनाला सांगत होतो. मग त्या दिवसाची म्हैस आठवली. कडेला थांबलो, उतार बघितला, नीट वळवली आणि परत आलो. घरी नऊला पोचलो तेव्हा सौ.नी पहिल्यांदा गाडीबद्दल काही विचारलं.

‘एवढ्या लवकर?’

‘धुकं होतं. फिरलो माघारी.’

त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि चहा ठेवला.

पण मागं बसायचं नाव नाही. मी समजत होतो, भीती आहे. त्याला कारणही होतं. सौ. आठ वर्षांच्या असताना सासऱ्यांच्या येझदीवरून पडल्या होत्या. धारवाडजवळ, नरेंद्रच्या रस्त्यावर. हनुवटीखाली अजून व्रण आहे. त्यानंतर महिन्याभरात सासऱ्यांनी ती येझदी विकली आणि घरात परत मोटारसायकल आली नाही. माझ्या छोट्या गाडीवरही सौ. बसायच्या त्या नाइलाजानं, असं मी धरून चाललो होतो. म्हणूनच नोंदवताना विचारलं नाही. विचारलं तर नाहीच म्हणतील, हे ठरवून टाकलेलं. जानेवारी उजाडेपर्यंत गाडी विकावी, असं माझ्या मनात येऊ लागलं होतं.

संक्रांतीला धारवाडला जायचं होतं. सौ. बसनं, मी गाडीवर, असं न बोलताच ठरलं. पंचाहत्तर-सत्त्याहत्तर किलोमीटरचा रस्ता. हलग्याजवळची सुवर्ण विधानसौध मागं टाकली, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर दुचाकीच्या वाटेनं बाहेर पडलो, एम. के. हुबळीला मलप्रभा ओलांडली. बसच्या आधी पोचलो.

सासरे ब्याऐंशी वर्षांचे, निवृत्त शिक्षक. काठी टेकत बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली.

‘एष्ट तूक ऐती?’

‘दोनशे एक्केचाळीस किलो, मामा.’

‘अबब! आमची येझदी हिच्यापेक्षा शंभर किलोनं हलकी असेल.’ मग म्हैसूरचा तो कारखाना, दोन सायलेन्सर, किकचाच दांडा दुमडून गिअर कसा व्हायचा, हे सगळं कानडी-मराठीत मिसळून सांगू लागले. मी हात दिला, स्टँडवरच त्यांना बसवलं. त्यांनी हँडल धरलं आणि गप्प झाले.

तोपर्यंत बस आली होती. सौ. फाटकात उभ्या होत्या.

‘येझदी का विकली, ठाऊक आहे?’ सासरे मला म्हणाले, पण बघत होते मुलीकडं. ‘ही पडली म्हणून सगळे म्हणतात. ही कुठली भ्याली होती? टाके घातल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, अप्पा, परत बसव. मी भ्यालो होतो. हिला सांगितलं, आई नको म्हणते.’

सौ. काही क्षण तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे चव्वेचाळीस वर्षं मी उगाच आईवर रागावले होय?’ आणि आत जाता जाता माझ्याकडं वळल्या. ‘आणि री, तुम्हीही तेच केलंत. मी भिते हे कुणी सांगितलं तुम्हाला? गाडी घेतल्याचा राग नाही मला. विचारलं नाहीत.’

इतक्या दिवसांनी ‘री’ ऐकलं. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ‘चुकलो’ म्हणालो. खोबरं-शेंगदाणे घातलेलं एळ्ळु-बेल्ल सासूबाईंच्या फोटोसमोर ठेवलं, मग हातावर आलं. आमच्याकडं तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात, तिकडंही एळ्ळु-बेल्ल खाऊन चांगलं बोला असंच म्हणतात. त्या दिवशी गोड काही कुणी बोललं नाही. खरं बोलले, तेवढं पुरलं.

संध्याकाळी परतायच्या वेळी सौ.नी विचारलं, ‘दुसरं हेल्मेट आहे?’ होतं. पहिल्या दिवसापासून होतं, आयएसआय शिक्क्याचं, पूर्ण तोंड झाकणारं. ते सोबत आणलं होतं, ते का, हे मलाही सांगता आलं नसतं. मागच्या दोन्ही शॉकॲबसॉर्बरची स्प्रिंग दोघांच्या वजनाला घट्ट केली, पंपावर पुस्तिकेप्रमाणं मागच्या चाकाची हवा वाढवली. खुणा ठरल्या. खांद्यावर एक थाप म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांबा. चढायच्या आधी मी दोन्ही पाय टेकून ‘हं’ म्हणायचं, मगच त्यांनी पाय टाकायचा.

मागं माणूस बसला की गाडी पुन्हा नवी होते. ब्रेकला अंतर जास्त लागतं, वळताना तिचं मत वेगळं असतं. तेगूरपर्यंत माझे खांदे ताठ होते. कित्तूरला राणी चन्नम्मांच्या पुतळ्याजवळ दोन थापा पडल्या. थांबलो. पाय मोकळे करून चहा घेतला. ‘भीती वाटली?’ मी विचारलं. ‘तुमची वाटली,’ त्या म्हणाल्या. ‘दगडासारखे बसला होता. आणि ब्रेक मारायच्या आधी जरा सांगत जावा.’

बेळगावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि तेच कुत्रं वाटेत बसलेलं. हँडल सरळ ठेवलं, मागच्या ब्रेकवर पाय ठेवला, थांबलो. सौ. उतरल्या, कुत्र्याला हाकललं आणि गाडी वळेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या.

रात्रीचं आणि पावसातलं मागं बसणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं आहे. मी मान्य केलं आहे. येत्या वर्षात आंबोलीला जायचं चाललंय. तारीख अजून ठरलेली नाही. या वेळी ती त्या ठरवणार आहेत.