दोन नावांची यादी

ग्रीसच्या पश्चिमेस आयोनियन समुद्रात झाकिन्थोस नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस किलोमीटर. ऑलिव्हची झाडे व द्राक्षांचे मळे ही त्याची संपत्ती. १७९७ पर्यंत तेथे सुमारे तीन शतके व्हेनिसचे राज्य होते. ग्रीसच्या राष्ट्रगीताचे कवी दिओनिसिओस सोलोमोस १७९८ साली येथेच जन्मले.

या बेटावर ज्यूही पिढ्यान्‌पिढ्या राहत. परंतु ते सदैव सुखात होते असे मात्र नाही. व्हेनिसच्या अमदानीत त्यांना वेगळ्या मोहल्ल्यात कोंडण्यात आले. पुढे १८९१ साली शेजारच्या कॉर्फू बेटावर ज्यूंवर खुनाचा खोटा आळ आला, त्याची झळ झाकिन्थोसच्या मोहल्ल्यालाही लागली. ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली, म्हणजे पुढील घटनेचे मोल कळते.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि बेट जर्मनांच्या हाती गेले. त्यांच्या अधिकाऱ्याने महापौर लुकास कारेर यांच्याकडे सर्व ज्यूंच्या नावांची यादी मागितली. महापौर बिशप क्रिसोस्टोमोस यांच्याकडे गेले. यादी सादर झाली तेव्हा तीत दोनच नावे होती, असे सांगतात : एक बिशपांचे, दुसरे महापौरांचे. दरम्यान २७५ ज्यू डोंगराळ खेड्यांत पांगले होते. शेतकऱ्यांनी त्यांना घरांत थारा दिला व आपल्या ताटातला घास दिला. एकही ज्यू मृत्युछावणीत नेला गेला नाही. उलट कॉर्फूमधील दोन हजारांच्या आसपास ज्यूंपैकी बहुतेकांना जून १९४४ मध्ये आउश्वित्झला पाठविण्यात आले.

१९७८ साली याद वाशेमने बिशप व महापौर या दोघांचा गौरव केला. तो सर्वथा उचितच होय. परंतु आम्हांस राहून राहून वाटते, की इतिहासाच्या यादीतही दोनच नावे उरली! दोन माणसे यादी नाकारू शकतात. २७५ माणसांना दोघेच लपवू शकत नाहीत. त्यासाठी गावोगावच्या लोकांना वर्षभर तोंड मिटून राहावे लागले. फितुरी करणारा एक जरी निघता, तरी सारे व्यर्थ होते. ज्या बेटावर १८९१ साली द्वेषाचा वणवा पोहोचला, त्याच बेटाने ५२ वर्षांनी हे मौन पाळले. शेजारधर्म रक्तातून आपोआप उतरत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने स्वीकारावा लागतो.

ऑगस्ट १९५३ च्या भूकंपात ते शहर व तेथील सिनेगॉग जमीनदोस्त झाले. मदतीस धावलेल्या पहिल्या जहाजांत इस्राएली नौदलाची जहाजे होती. त्यानंतर ज्यू कुटुंबे अथेन्सला व इस्राएलला गेली. आज बेटावर जुनी दफनभूमी आहे, आणि सिनेगॉगच्या जागी त्या दोघांचे पुतळे.

आपल्या पूर्वजांना कोकणात असा कोंडलेला मोहल्ला कधी पाहावा लागला नाही. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आपली आडनावेच त्या गावांची साक्ष देतात. आपल्या शब्बाथाचा मान राखून आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणणाऱ्या त्या शेजाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही यादीत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांतील काही अद्याप आठवत असतील. ती मुलांना सांगून ठेवावीत, एवढीच आमची विनंती.