टिंबांचे मोल

बदलापूरच्या कात्रपमध्ये टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेचे पत्रक लागले की त्यावर सगळ्यात ठळक चित्र दुचाकीचे असते. ती मालिकावीराची. खाली बारीक अक्षरांत उत्कृष्ट फलंदाजाला बॅट, उत्कृष्ट गोलंदाजाला बूट. प्रवेश फी छापलेली असते, षटके किती तेही छापलेले असते. पंचांचा निर्णय अंतिम राहील, ही ओळ तर कधीच चुकत नाही. दुचाकी कोणत्या कसोटीवर देणार, एवढेच कुठे लिहिलेले नसते.

लिहायची गरजही कुणाला वाटत नाही, कारण उत्तर ठरलेले आहे. ज्याच्या धावा जास्त आणि षटकार जास्त, त्याची दुचाकी. म्हणजे बहुधा सलामीचा फलंदाज, आणि तोही अंतिम सामन्यात पोहोचलेल्या संघाचा.

हा न्याय नाही. सहा षटकांच्या सामन्यात डावाला ३६ चेंडू मिळतात. सलामीवीर टिकला तर त्यातले वीस-बावीस त्याच्या वाट्याला येतात. गोलंदाजाला नियमाने एक किंवा फार तर दोन षटके मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त बारा चेंडू. आकडे नुसते मोजायचे ठरवले तर गोलंदाज शर्यतीत उतरण्यापूर्वीच मागे पडतो. यष्टिरक्षकाचे तर नावही निघत नाही.

गुणलेखकाच्या टेबलाशी उभे राहून वहीत एकदा डोकावून पाहावे. षटकार गेला की ठसठशीत ६ पडतो. चेंडू निर्धाव गेला की एक टिंब. पेनाचे टोक टेकवले की झाले. लाँग ऑनच्या पोराने मातीत अंग झोकून चौकार अडवला आणि दोनच धावा दिल्या, तर वहीत २ लिहिले जातात आणि ते फलंदाजाच्या खात्यात जमा होतात. वाचवलेल्या दोन धावांना वहीत रकाना नाही. सुटलेल्या झेलालाही नाही. सायंकाळी मंचावरून निवेदक मालिकावीर शोधायला सांगतो, तेव्हा घाईघाईने हीच वही उलटली जाते. वहीत जे मोठ्या अक्षरात असते, तेच दिसते.

टिंबाचे मोल काय, ते २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये दिसले होते. ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि सहा गडी हातात होते. क्लासेन आणि मिलर खेळपट्टीवर होते. सामना गेल्यातच जमा होता. सोळाव्या षटकात बुमराहने ४ धावा दिल्या. सतराव्यात हार्दिकने क्लासेनला बाद केले आणि ४ धावा दिल्या. अठराव्यात बुमराहने यान्सेनचा त्रिफळा उडवला, धावा दिल्या फक्त २. आता १२ चेंडूंत २० धावा हव्या होत्या. मिलर अजून होता. दोन फटके बसले असते तरी सगळे उलटले असते.

एकोणिसावे षटक अर्शदीपने टाकले. ४ धावा, बळी एकही नाही. शेवटच्या सहा चेंडूंत १६ हव्या झाल्या. पुढचे सगळ्या देशाला तोंडपाठ आहे. हार्दिकचा पहिला चेंडू, मिलरचा उंच फटका, सीमारेषेवर सूर्यकुमारचा झेल आणि भारताचा ७ धावांनी विजय. झेलाची चित्रफीत लाखो वेळा पाहिली गेली. पण मिलरला पहिल्याच चेंडूवर एवढा मोठा फटका का मारावा लागला, याचे उत्तर एकोणिसाव्या षटकात आहे. ८ किंवा ९ धावा हव्या असत्या तर त्याने एक-दोन चेंडू पाहिले असते. कात्रपच्या मैदानावर ते षटक पडले असते तर वहीत त्याची नोंद ४ धावा, शून्य बळी एवढीच राहिली असती. बक्षिसाच्या यादीत तो गोलंदाज कुठेच दिसला नसता.

त्या सामन्यात सामनावीर ठरला विराट कोहली, ५९ चेंडूंत ७६ धावा. खेळी मोलाची होती, तीन गडी झटपट गेल्यावर डाव त्यानेच सावरला. तरीही संजय मांजरेकर यांनी उघडपणे सांगितले, की आपण हा पुरस्कार गोलंदाजाला दिला असता. ते स्वतः फलंदाज, मुंबई घराण्यातले. त्यांच्यावर लोक तुटून पडले. पण त्यांचे म्हणणे खोडून काढणारे उत्तर फारसे कुणी दिले नाही. हातातून निसटलेला सामना ज्यांनी खेचून आणला, ते सगळे चेंडू टाकणारे होते.

त्याच मंचावर दुसरा पुरस्कारही दिला गेला. मालिकावीर जसप्रीत बुमराह. त्याचे बळी १५ होते. अर्शदीपचे १७ आणि अफगाणिस्तानच्या फारुकीचेही १७. म्हणजे सर्वाधिक बळी त्याच्या नावावर नव्हते आणि धावांचा तर प्रश्नच नव्हता. सर्वाधिक धावा गुरबाझच्या होत्या, २८१. निवडणाऱ्यांनी पाहिला तो त्याने षटकामागे दिलेल्या धावांचा आकडा, ४.१७. जिथे एका षटकात दहा-बारा धावा जाणे नित्याचे झाले आहे, तिथे हा आकडा म्हणजे टिंबांचा ढीग होता. ढीग कुणीतरी मोजला, म्हणून योग्य माणसाला योग्य मान मिळाला. ठरवले तर हे जमते, याचा पुरावा म्हणून एवढे पुरे.

कबड्डीतही जमते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले. सर्वोत्तम चढाईपटू दिल्लीचा आशू मलिक होता आणि सर्वोत्तम बचावपटू पलटणचाच शादलू. पण सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून नाव पुकारले गेले ते तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, पलटणच्याच अस्लम इनामदारचे. चढाई, पकड आणि कर्णधारपद, तिन्ही त्याने एकत्र पेलले होते. कोणत्याही एका रकान्यात तो पहिला नव्हता.

आयपीएलने हा हिशेब सूत्रात बसवला आहे. षटकाराला साडेतीन गुण, गडी बाद केल्याला साडेतीन, झेलाला अडीच, निर्धाव चेंडूला एक. टिंबाला गुण आहे, हे चांगलेच. पण षटकार आणि गडी यांना एकच भाव कसा? वीस षटकांच्या डावात षटकार कितीही लागू शकतात. गडी मात्र दहाच असतात आणि मिलरसारखा एक गेला की सामना जातो. शिवाय शेवटच्या षटकातला अचूक यॉर्कर, ज्यावर फलंदाजाला कशीबशी एकच धाव मिळते, त्याला या सूत्रात काहीच नाही. मोजणी सुधारली, पण पारडे फलंदाजाकडे झुकलेलेच राहिले. आपल्याकडे तर गुणलेखनाची ॲप आता मोबाइलवर आपोआप क्रमवारी लावून देतात. समितीचे काम सोपे झाले. पण ॲपमध्ये जाते तेच, जे गुणलेखक भरतो. मातीत झोकून वाचवलेल्या धावा त्यातही नाहीत.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हाच वाद दरवर्षी पेटतो. २०२५ मध्ये अमेरिकन लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्कारासाठी दोन नावे पुढे होती. ॲरन जज फटकेबाज, ५३ होमरन. कॅल रॅली यष्टिरक्षकासारखा, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. त्याचे होमरन ६०, त्या जागेवर खेळणाऱ्या कुणीही इतके कधी मारले नव्हते. ३० क्रीडापत्रकारांनी मते दिली. पहिल्या पसंतीची मते १७ विरुद्ध १३ अशी पडली, जज जिंकला. निकाल अनेकांना पटला नाही. गुडघ्यांवर बसून सबंध हंगाम चेंडू झेलणाऱ्याच्या कष्टांना किती वजन द्यायचे, यावरच सगळा वाद होता. पण तिथे मत देणारे आधी ठरलेले असतात. प्रत्येक जण दहा नावे क्रमाने लिहितो. बाद फेरीचा गोंगाट सुरू होण्यापूर्वी मतपत्रिका जमा होते. कुणी कुणाला निवडले, हेही नंतर कळते. निवड चुकली तरी जाब विचारायला माणूस समोर असतो.

आपल्याकडे जाब कुणाला विचारायचा? अंतिम सामना संपतो, फटाके वाजतात, पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे असते. दुचाकी देणारा दाता मंचावर उभा असतो. कुणीतरी निवेदकाच्या हातात चिठ्ठी देतो. चिठ्ठी कुणी लिहिली, कशावरून लिहिली, हे संघांना कळत नाही. मग रात्री मैदानाबाहेर पोरे आपसांत भांडतात, आणि दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या लोकलमध्येही तोच वाद चालू राहतो.

हा वाद मानापमानापुरता नाही. बदलापूर-अंबरनाथपासून पनवेल-उरणपर्यंत टेनिस क्रिकेटच्या छोट्या लीग आता लिलावाने संघ बांधतात. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृहात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. टेनिस चेंडूवर खेळणाऱ्या पोरांना तिथे टीव्हीवर यायला मिळाले, मानधन मिळाले. त्यामुळे गल्लीतल्या बक्षिसालाही बाजारभाव आला. ज्याच्या नावापुढे मालिकावीर लागले, त्याच्यावर बोली वाढते. ज्याने अंतिम सामन्याच्या पाचव्या षटकात चार धावा देऊन संघ तारला, त्याला सांगण्यासारखे नावापुढे काहीच नसते. तो कारखान्याच्या पाळीतून सुटून थेट मैदानावर येतो, दोन षटके टाकतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. पुढच्या वर्षी तोही बॅट उचलतो. चांगला यॉर्कर टाकणारी पोरे कमी का होत आहेत, असे मग समितीवाल्यांनी विचारू नये.

लोक षटकार पाहायला येतात, हे खरे आहे. दात्यालाही गर्दी हवी असते. पण षटकारांसाठी उत्कृष्ट फलंदाजाचे बक्षीस आहेच की. तोच पोरगा बॅटही घेणार आणि दुचाकीही, तर दोन वेगळी बक्षिसे ठेवली कशाला? मालिकावीराची दुचाकी अशा खेळाडूला जावी, जो नसता तर त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत आला नसता. कधी तो सलामीवीर असेल, आणि तेव्हा त्याला ती जरूर मिळावी. कधी तो यष्टिरक्षक असेल. कधी एकही बळी न घेता चार धावांचे षटक टाकणारा असेल. तो कोण, हे वही उलटून कळणार नाही. सगळे सामने पाहिलेल्या माणसाला विचारावे लागेल.

अशी तीन माणसे प्रत्येक स्पर्धेत असतात. दोन पंच आणि एक गुणलेखक. सकाळपासून रात्रीपर्यंत मैदानावर असणारे हेच तिघे. त्यांना ना दात्याचे देणे, ना कोणत्या गावाच्या संघाचे. अंतिम सामन्याआधी तिघांनी प्रत्येकी तीन नावे क्रमाने कागदावर लिहावीत आणि खाली सही करावी. अंतिम सामन्यानंतर एकच बदल करायची मुभा असावी. तिघांचे कागद मंचावर मोठ्याने वाचावेत. गुणलेखकाने प्रत्येक गोलंदाजाच्या नावापुढे टिंबांची बेरीज मांडावी आणि क्षेत्ररक्षकाने अडवलेल्या चौकारांसाठी समासात एक खूण करावी. याला पैसा लागत नाही. एक पेन आणि थोडी सवय एवढेच लागते.

कात्रपच्या मंडळांना विनंती आहे. या हिवाळ्यात पत्रक छापाल तेव्हा दुचाकीच्या चित्राखाली एक ओळ वाढवा: मालिकावीर दोन पंच व गुणलेखक ठरवतील, आणि त्यांचे कागद मंचावर वाचले जातील.